पार्व्हो आणि निवाऱ्यातली पिल्ले : प्रस्तावना

कुत्र्यांचा पार्व्हो हा पशुवैद्यकाच्या इतिहासात अलीकडचा रोग आहे. १९७८ च्या सुमारास अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलिया अशा एकमेकांपासून दूरच्या भूभागांत पिल्लांना उलट्या आणि रक्ताची हगवण लागून ती दोन-तीन दिवसांत दगावू लागली, तेव्हा मांजरांमधील पॅनल्युकोपेनिया या जुन्या रोगाच्या विषाणूशी अगदी जवळचे नाते असलेला एक नवाच विषाणू संशोधकांच्या हाती लागला. दोनेक वर्षांत तो जगभर पोहोचला आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी मद्रासकडून भारतातल्या नोंदीही येऊ लागल्या. कुत्र्यांच्या अंगी या विषाणूशी लढण्याची तयारीच नसल्यामुळे पहिल्या लाटेत लहानथोर सगळीच सापडली. आज मोठ्या कुत्र्यांना तो क्वचितच लोळवतो आणि त्याचा बहुतेक भार सहा आठवडे ते सहा महिने या वयाच्या पिल्लांवर पडतो.

या विषयावर पशुवैद्यकीय ग्रंथांत पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु ते बहुधा सुसज्ज रुग्णालय आणि पैसे मोजणारा मालक गृहीत धरून लिहिलेले असते. बेवारस पिल्ले उचलून आणणाऱ्याची गोष्ट निराळी असते. त्याच्या दारात एकेकटे पिल्लू येत नाही, पाच-सहांचे वेतच्या वेत येते. त्यांतले एक ओकू लागले की उरलेली चार दिवसांत ओकणार हे जवळजवळ ठरलेले असते. आणि एका पिल्लाला पाच-सहा दिवस भरती ठेवण्याचा शहरातला खर्च अशा संस्थेच्या महिन्याच्या खाण्याच्या खर्चाइतका होऊ शकतो. पार्व्होचा कमी खर्चातला उपचार म्हणजे एखादे स्वस्त औषध, अशी समजूत त्यामुळे सहज होते आणि तीच सर्वांत महागात पडते. या रोगात खरी बचत पिल्लू आजारी पडण्यापूर्वीच होते, आणि ते आजारी पडल्यावर पैशाची उणीव औषधाने भरून निघत नाही. ती पहिल्या काही तासांतल्या अंगमेहनतीने आणि रात्रीच्या जागरणाने भरून निघते, असे या विषयाकडे पाहण्याचे येथील सूत्र आहे.

विषाणूची रचना थोडक्यात सांगितलेली पुरे. तो आकाराने अत्यंत लहान, सुमारे २५ नॅनोमीटरचा असून त्याला स्निग्ध आवरण नसते. साबण आणि बहुतेक जंतुनाशके विषाणूंचे हे आवरणच फोडत असल्यामुळे त्यांची मात्रा येथे चालत नाही. शरीरात शिरल्यावर तो झपाट्याने विभागणाऱ्या पेशींचा आश्रय घेतो, कारण स्वतःची वाढ करण्यासाठी त्याला अशाच पेशींतील यंत्रणा लागते. आतड्याच्या अस्तराचे सतत नूतनीकरण करणाऱ्या पेशी आणि पांढऱ्या पेशी तयार करणारी अस्थिमज्जा ही दोन ठिकाणे त्याने एकाच वेळी निकामी केली की आतड्याची भिंत उघडी पडते, तिच्यातून एरवी निरुपद्रवी असलेले आतड्यातले जिवाणू रक्तात उतरतात आणि त्यांना अडवायला पांढऱ्या पेशीही उरत नाहीत. पिल्लू मरते ते बहुधा पाणी व क्षार गमावल्याने, रक्तातील साखर उतरल्याने आणि या जिवाणूंच्या विषाने. विषाणू केवळ दार उघडून देतो. उपचारात द्रव, साखर, ऊब आणि प्रतिजैविक यांना जे स्थान आहे ते यामुळेच.

या प्रश्नाचे स्थानिक रूप पाहण्यासाठी वैभववाडी तालुका घेतला आहे. सिंधुदुर्गात असूनही तो मालवण-देवगडच्या किनारपट्टीपासून आत, सह्याद्रीच्या थेट पायथ्याशी वसलेला आहे. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट त्याला गगनबावड्याशी आणि पुढे सुमारे ८० किलोमीटरवरच्या कोल्हापूरशी जोडतात, तर तळेऱ्याकडून मुंबई-गोवा महामार्ग गाठून कणकवलीला जाता येते. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की कोल्हापूरची वाट बंद होते. गुरांच्या दवाखान्यावर गाई-म्हशी, शेळ्या आणि त्यांच्या साथी यांचा भार आधीच असतो, आणि पिल्लाला सहा-सहा तासांनी सलाईन देत बसणे तेथील एकट्यादुकट्या डॉक्टरला शक्य नसते. अशा तालुक्यात रात्री नऊ वाजता ओकू लागलेल्या पिल्लाचे भवितव्य सकाळी सुटणाऱ्या गाडीवर सोपवता येत नाही. जे करायचे ते गावातच, घराच्या पडवीत, डॉक्टरने फोनवर सांगितलेल्या आणि आधीच लिहून ठेवलेल्या क्रमाने करावे लागते. शहरातल्या मोठ्या संस्थांचे, उदाहरणार्थ परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाचे किंवा पुण्याच्या रेस्क्यू संस्थेचे, अनुभव मोलाचे आहेत. परंतु त्यांची घडी जशीच्या तशी येथे बसवता येणार नाही.

प्रश्नाला अलीकडे आणखी एक धार आली आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रातील भटक्या कुत्र्यांची संख्या १२ लाख ७६ हजारांच्या घरात नोंदली गेली. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री नसबंदी व लसीकरण करून ठरवून दिलेल्या निवाऱ्यांत ठेवावीत आणि पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश दिला. त्याच्या इष्टानिष्टतेची चर्चा करण्याची ही जागा नव्हे. मात्र अनेक ठिकाणची कुत्री एका कुंपणात आली की पार्व्होला हवे असते तेच मिळते, आणि शासकीय व्यवस्थेत लसीकरण म्हटले की डोळ्यांपुढे रेबीजची लस येते, पार्व्होची नव्हे, ही गोष्ट निवारा बांधणाऱ्या प्रत्येक नगरपंचायतीने विटा आणण्यापूर्वी ध्यानात घ्यायला हवी.

मोकळ्या कुत्र्यांत हा विषाणू किती मुरलेला आहे, याचा महाराष्ट्रातील एक भक्कम पुरावा माळढोक पक्षी अभयारण्याच्या परिसरात झालेल्या अभ्यासातून मिळतो. तेथील २१९ कुत्री आणि ३३ खोकडांच्या रक्ताची तपासणी केली असता ८८ टक्क्यांहून अधिक कुत्र्यांत पार्व्होविरोधी प्रतिपिंडे, म्हणजे संसर्गाला किंवा लशीला उत्तर म्हणून शरीराने बनवलेली संरक्षक प्रथिने, आढळली. खोकडांतही हे प्रमाण ४८ टक्के होते. प्रौढांमध्ये हे प्रमाण पिल्लांपेक्षा बरेच जास्त होते. याचा सरळ अर्थ असा की रस्त्यावर दिसणारे धडधाकट मोठे कुत्रे बहुधा या रोगातून आधीच तरून आलेले असते, तर जी तरली नाहीत ती मोजणीत येतच नाहीत. 'आमच्याकडे पार्व्हो नाही' हे गावोगाव ऐकू येणारे विधान म्हणूनच तपासून घ्यावे लागते. सह्याद्रीच्या कुशीतल्या तालुक्यात कोल्हे आणि कोळसून म्हणजे रानकुत्रे यांचा वावर लक्षात घेता, हा प्रश्न पाळीव आणि बेवारस कुत्र्यांपुरताही राहत नाही.

प्रतिबंधाचा गाभा लस हाच आहे आणि तिचा सगळा पेच आईच्या दुधात आहे. जन्मानंतरच्या पहिल्या चिकातून पिल्लाला आईची प्रतिपिंडे मिळतात. ती दर नऊ-दहा दिवसांनी निम्मी होत जातात. ती भरपूर असतात तोवर पिल्लू सुरक्षित असते, पण तीच प्रतिपिंडे लशीतल्या सौम्य केलेल्या जिवंत विषाणूलाही मारून टाकतात, त्यामुळे लस वाया जाते. पुढे असा एक काळ येतो की उरलेली प्रतिपिंडे रोगाला अडवायला अपुरी, परंतु लशीला अडवायला पुरेशी ठरतात. हा धोक्याचा काळ कोणत्या पिल्लात कधी येईल हे बाहेरून कळत नाही. कुणात तो सहाव्या आठवड्यात येतो, कुणात बाराव्यात, तर एखाद्यात त्याही पुढे. एकच डोस देऊन 'लस झाली' म्हणणे त्यामुळे चुकीचे ठरते, आणि 'लस देऊनही पार्व्हो झाला' या तक्रारीचेही बहुतांश उत्तर येथेच मिळते. घरच्या पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत डोस द्यावेत असे मार्गदर्शन आहे. निवाऱ्यात मात्र चौथ्या ते सहाव्या आठवड्यापासून, दर दोन आठवड्यांनी, वीस आठवड्यांपर्यंत ते चालू ठेवावेत असे सांगितले जाते. लहान पिल्लांसाठी भारतात पपी डीपी या नावाने मिळणारी, पार्व्हो आणि डिस्टेंपर एवढ्या दोनच रोगांवरची लस सुरुवातीला पुरते. सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वन ही मोठी इंजेक्शने नंतरची. पिल्लू आणले त्या घटकेलाच, त्याला आत ठेवण्यापूर्वी, दारातच लस टोचावी, कारण आईची प्रतिपिंडे आड येत नसतील तर तीन ते पाच दिवसांत संरक्षण मिळू लागते. 'आधी दोन दिवस तब्येत बघू, मग लस देऊ' ही सावधगिरी घरच्या पिल्लाला शोभते. निवाऱ्यात तेच दोन दिवस घातक ठरतात.

कोकणात या लशीपुढची खरी अडचण शीतसाखळीची आहे. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते आणि पावसाळ्याच्या तोंडी वाऱ्या-वादळात गेलेली वीज कधी येईल याचा नेम नसतो. साठा करून ठेवण्यापेक्षा हंगाम पाहून मोजकी लस मागवणे हे अधिक शहाणपणाचे. हा हंगाम मराठी माणसाला ठाऊकच आहे. भाद्रपद हा कुत्र्यांच्या माजाचा काळ. गर्भ सुमारे ६३ दिवसांचा. म्हणजे कार्तिकाच्या आगेमागे वेते होतात आणि पौष-माघात त्यांच्या आईच्या दुधाचे संरक्षण ओसरू लागते. तालुक्याची वर्षभराची लस या दोन-तीन महिन्यांकडे झुकवली आणि भाद्रपदापूर्वी शक्य तितक्या माद्यांची नसबंदी करून घेतली, तर पुढचा निम्मा उपद्रव टळतो. शेजारच्या गोव्यात मिशन रेबीजच्या मोहिमेने गावोगाव फिरून कुत्र्यांना लस दिली आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले, हे उदाहरण उमेद देणारे असले तरी त्याची नक्कल येथे होणार नाही. रेबीजची लस मृत विषाणूची असून एकेका टोचणीत मोठी लोकसंख्या झाकता येते. पार्व्होत तेच पिल्लू पुन्हा पुन्हा हाती यावे लागते.

लशीनंतरचा विषय स्वच्छतेचा. तो नीरस वाटला तरी त्यावरच येथे अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे. पार्व्होचा विषाणू विष्ठेतून अफाट प्रमाणात बाहेर पडतो, तेही बाधा झाल्यापासून तीन-चार दिवसांत, म्हणजे पुष्कळदा पिल्लू अजून खेळत असताना. आणि सावलीतल्या ओलसर जमिनीत तो कित्येक महिने टिकतो. कोकणातली घरे व गोठे जांभ्याच्या चिऱ्यांचे असतात. चिरा हा सच्छिद्र दगड आहे. त्याची भिंत कितीही घासली तरी छिद्रांत शिरलेली घाण निघत नाही. शेणाने सारवलेली जमीन तर निर्जंतुक करताच येत नाही, उलट शेणातले सेंद्रिय द्रव्य जंतुनाशकच निकामी करते. पिल्लांची जागा म्हणून रिकामा गोठा किंवा पडवीचा सारवलेला कोपरा सर्वांत आधी सुचतो, आणि नेमका तोच टाळला पाहिजे. त्याऐवजी घोटलेला सिमेंटचा कोबा, गुळगुळीत फरशी, किंवा तेही नसेल तर जाड ताडपत्रीवर ठेवलेला लोखंडी पिंजरा अथवा प्लास्टिकचा मोठा क्रेट बरा, कारण या वस्तू धुता येतात, उचलून उन्हात नेता येतात आणि नाइलाज झाला तर टाकून देता येतात. अंथरूण वर्तमानपत्राचे असावे व ते जाळावे. गोणपाट धुऊन पुन्हा वापरण्याची सवय सोडावी.

जंतुनाशकाच्या बाबतीत फिनेल आणि डेटॉल यांच्यावरचा विश्वास फार जुना असला तरी पार्व्होपुढे तो व्यर्थ आहे. त्यांचा वास स्वच्छतेची खात्री देतो एवढेच. पाच-सहा टक्के तीव्रतेचे सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजेच द्रवरूप ब्लीच, एकास तीस या प्रमाणात पाण्यात मिसळून पृष्ठभाग दहा मिनिटे ओला ठेवल्यास मात्र विषाणू मरतो. ते महाग वाटत असेल तर ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर, अर्थात ब्लीचिंग पावडर, त्याच रसायनाचे घनरूप आहे. सुमारे ३० ते ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीचे ६० ग्रॅम दहा लिटरच्या बादलीत कालवून, गाळ बसू देऊन वरचे पाणी घेतले की जवळजवळ तेवढीच तीव्रता मिळते. 'ताज्या' या शब्दावर जोर आहे, कारण पावसाळ्यात तोंड उघडे राहिलेल्या पिशवीतल्या पावडरीची ताकद दमट हवेने काही आठवड्यांत उडून जाते. ब्लीच घाणीवर ओतून काही साधत नाही. आधी विष्ठा उचलायची, साबणपाण्याने घासायचे, स्वच्छ पाण्याने धुवायचे आणि मगच ब्लीच. ते फिनेलमध्ये किंवा संडासाच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. ऊन आणि कोरडेपणा यांनी विषाणूची संख्या घटते, पण एका दिवसाच्या उन्हावर विसंबता येत नाही आणि आषाढात तर तेही नसते. शेवटी, अगदी फुकटचा उपाय कामाच्या क्रमाचा आहे: आधी निरोगी पिल्ले, मग नुकतीच आलेली आणि चौदा दिवस वेगळी ठेवलेली, सर्वांत शेवटी आजारी, त्यांच्या जागेची चप्पल, वाडगी, झाडू आणि अंगावरचा सदरा वेगळा. हा क्रम मोडतो तो बहुधा घाईच्या वेळी आलेल्या पाहुण्यामुळे किंवा मदतीला धावलेल्या मुलांमुळे.

उपचाराविषयी पहिली गोष्ट अशी की रक्ताची प्रत्येक हगवण पार्व्होची नसते. अंकुशकृमींचा भार, काही परजीवी, विषबाधा आणि कुजके खाणे यांनीही तशीच लक्षणे दिसतात. काही शे रुपयांत मिळणाऱ्या तपासणी किटने निदानाला आधार मिळतो, मात्र अलीकडे लस दिलेल्या पिल्लात ती क्वचित खोटी होकारार्थी येते आणि आजाराच्या सुरुवातीला किंवा अखेरीस खोटी नकारार्थीही. औषधांची निवड व मात्रा ठरवणे हे पशुवैद्याचेच काम. बाकीची शुश्रूषा शिकून घेता येते. द्रवाचा हिशोब तिच्यात सर्वांत महत्त्वाचा. पिल्लाचे किलोतील वजन गुणिले शरीरातील पाण्याच्या तुटीची टक्केवारी गुणिले दहा, इतके मिलिलिटर ही तूट. त्यात रोजची गरज, किलोमागे किमान ६० मिलिलिटर, मिळवायची आणि ओकण्या-हगण्यातून जाईल तेही भरून काढायचे. तीन किलोच्या पिल्लात तूट आठ टक्के धरली, म्हणजे मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसते आणि हिरड्या चिकट लागतात अशी अवस्था, तर २४० अधिक १८० असे ४२० मिलिलिटर होतात. रिंगर लॅक्टेटची अर्ध्या लिटरची एक बाटली तेवढ्याला जवळजवळ पुरते. पिल्लाचा जीव वाचवणारी मुख्य वस्तू खेड्यातल्या औषधाच्या दुकानातही असते. ती वेळेवर आणि पुन्हा पुन्हा देणारा माणूस नसतो.

हा द्रव शिरेतून देणे सर्वोत्तम, यात वाद नाही. परंतु कोलोराडो स्टेट विद्यापीठात ४० कुत्र्यांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रथम शिरेतून द्रव देऊन धक्क्याच्या अवस्थेतून, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडण्याच्या स्थितीतून, बाहेर काढल्यावर निम्म्या कुत्र्यांना पुढचा द्रव केवळ कातडीखाली, दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रतिजैविकाच्या एकाच टोचणीसह आणि मॅरोपिटंट या उलटी थांबवणाऱ्या औषधासह दिला गेला. त्यांपैकी ८० टक्के वाचले, तर पूर्ण भरतीच्या उपचारातले ९० टक्के. उपचारच न मिळालेल्या पिल्लांत मृत्यूचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास जाते हे लक्षात घेता, पडवीतल्या शुश्रूषेला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्या ८० टक्क्यांमागची अट विसरता कामा नये. पाय गार पडलेल्या, मान टाकलेल्या पिल्लाच्या कातडीखाली टोचलेले पाणी शोषलेच जात नाही, त्याचा नुसता फुगा राहतो. अशा पिल्लाला प्रथम शीर हवी, आणि ती उघडता येणारा माणूस गाठेपर्यंत हिरड्यांना साखरेचे पाणी चोळणे व गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कुशीला ठेवणे एवढेच हाती असते. टोचायचा द्रवही कोमट असावा. श्रावणातल्या रात्री गार सलाईन देणे म्हणजे उरलीसुरली ऊबही काढून घेणे आहे.

खाण्याविषयीचा जुना दंडक बदलला आहे. उलट्या पूर्ण थांबेपर्यंत पोट रिकामे ठेवावे असे पूर्वी सांगितले जाई. दक्षिण आफ्रिकेतील २००३ सालच्या अभ्यासाने नळीवाटे लवकर अन्न सुरू केलेली पिल्ले अधिक लवकर सावरतात असे दाखवले. उलटीचे औषध लागू पडल्यावर दर दोन-तीन तासांनी चमचा-दोन चमचे इतकेच द्यावे. कोकणातल्या घरात पेज असतेच. तांदळाच्या पातळ पेजेत मसाला-मीठ न घातलेले, उकडून बारीक केलेले कोंबडीचे मांस मिसळले तर पुरेसा आहार होतो. दूध देऊ नये. झोपून राहिलेल्या पिल्लाच्या घशात बळेच काही ओतू नये, कारण ते फुप्फुसात जाते. पैसा वाया जाण्याच्या वाटाही सांगितल्या पाहिजेत. मानवी फ्लूवरचे ऑसेल्टामिव्हिर पार्व्होत देण्याचा प्रघात पडला होता. ते ज्या विकरावर काम करते ते या विषाणूत नाहीच, आणि त्याने मृत्यू घटतात असे सिद्ध झालेले नाही. २०२३ साली अमेरिकेत या रोगावरच्या प्रतिपिंडाच्या औषधाला सशर्त मान्यता मिळाली, ही मोठी घटना खरी, पण खेड्यातल्या हिशोबात ती अजून येत नाही.

या सगळ्याला निवाऱ्याच्या पातळीवर काय फळ येते याचे सर्वांत मोठे उदाहरण टेक्सासमधील ऑस्टिन पेट्स अलाइव्ह या संस्थेचे आहे. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या तिच्या पार्व्हो कक्षात साडेअकरा वर्षांत ५,१२७ कुत्र्यांवर उपचार झाले आणि ८६.६ टक्के वाचली. मृत्यूंपैकी बहुतेक पहिल्या पाच दिवसांतले होते व ते ओलांडलेल्या कुत्र्यांची वाचण्याची शक्यता ९६ टक्क्यांच्या वर गेली. वैभववाडीत असा कक्ष होणार नाही, आणि व्हावा असेही नाही. विखुरलेल्या वाड्यांच्या या तालुक्यात मोठा निवारा उभारण्यापेक्षा, एकेका वेताला एकेक घर, त्या घरात दुसरे लसरहित पिल्लू नाही, आणि पाच दिवस आळीपाळीने जागणारी दोन माणसे, अशी मांडणी रोगाच्या स्वभावाशी अधिक जुळते व तिला खर्चही कमी येतो. वाचलेले पिल्लू आणखी सुमारे दोन आठवडे विष्ठेतून विषाणू टाकत राहते, म्हणून तेवढे दिवस त्याला वेगळेच ठेवून, मग न्हाऊ घालून बाहेर सोडावे. ज्या अंगणात ते आजारी होते तेथे पुढचे कित्येक महिने लस पूर्ण न झालेले पिल्लू आणू नये, लस पूर्ण झालेले मोठे कुत्रे चालेल. वाचलेल्या पिल्लाची पार्व्होविरुद्धची प्रतिकारशक्ती दीर्घकाळ टिकते, परंतु डिस्टेंपरचे उरलेले डोस आणि तीन महिने पूर्ण झाल्यावरची रेबीजची लस त्याला द्यावीच लागते, आणि बरे झाल्याच्या आनंदात नेमके तेच कार्डावर कोरे राहून जाते.